गाळलेलं मधलं नाव

या लिखाणात माणसाचं एकही नाव येणार नाही, आधीच सांगून ठेवते. एका नावापायी मस्कतमध्ये माझी जेवढी शोभा झाली तेवढी पुरे.

तेव्हा मी त्रेचाळीसची. शुगर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मला चालण्याचा मनस्वी कंटाळा. मस्कतच्या कुरुम भागात आमच्या घराजवळच्या क्लबात सकाळी बायकांसाठी टेनिस सुरू झालं होतं, तिथे नाव घातलं. आमचे हे म्हणाले, "रॅकेट लगेच घेऊ नकोस हं. आठवडाभर टिकतेस का बघ." इतका विश्वास! त्याच दुपारी जाऊन नवी कोरी रॅकेट घेऊन आले.

शिकवायला एक स्पॅनिश बाई होती. जवळपास माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली, उजवा खांदा जरासा उतरलेला. पंधरा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळून निवृत्त झालेली. मस्कतला येऊन तिने दोनच अरबी शब्द उचलले होते. आम्ही रेंगाळलो की "यल्ला!" आणि तास संपला की "खलास!" पहिल्या दिवशी मी धोपटण्याने चादर बडवावी तसा चेंडू बडवला, तो थेट कुंपणापलीकडच्या पार्किंगमध्ये. बाई पोट धरधरून हसली आणि म्हणाली, "ताकद भरपूर आहे. आता फक्त दिशा शोधू." मला ती तिथेच आवडली.

तास संपला की आम्ही दोघी माझ्या थर्मासमधला आल्याचा चहा प्यायचो आणि ती आपल्या खेळाच्या गोष्टी सांगायची. जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात तिचं नाव कधी आलं नाही. मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांतच बहुतेकदा गारद व्हायची. बाकी वर्षभर लहान गावं, कडेची कोर्टं आणि लाल मातीने माखलेले मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुणं. आई जुन्या गाडीतून तिला गावोगाव घेऊन जायची, डब्यात बटाट्याचं जाड ऑम्लेट. वडिलांना हे खूळ पसंत नव्हतं, त्यांनी तिची एकही मॅच पाहिली नाही. शेवटची मॅच ती दुखऱ्या खांद्याने खेळली आणि हरली. प्रेक्षक अकरा, त्यांत एक आई. टॉवेलची घडी केली, पिशवीत घातली, झालं.

"निरोपाचं कुणी काही बोललं नाही?" मी विचारलं.

"कुणाला माहीतच नव्हतं," ती हसत म्हणाली.

ती हसली, पण मला मेलं ते फार लागलं. अहो, आमच्याकडे हेडक्लार्क रिटायर झाला तरी शाल-नारळ मिळतो! पंधरा वर्षं खेळलेल्या बाईला साधं फूल नाही?

जानेवारीत ती म्हणाली की महिनाअखेर ती कायमची स्पेनला परत चालली आहे, आईकडे. मी ठरवलं, हिला निरोप द्यायचा तो शाल-श्रीफळ देऊनच. आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू तोंडावर आलंच होतं. तिथे दरवर्षी प्रमुख पाहुणी म्हणजे कुठल्यातरी बड्या साहेबांची बायको. यंदा हिलाच बोलवायचं म्हणून मी बैठकीत भांडभांड भांडले. मंडळाच्या अध्यक्षीणबाई, ज्यांना आम्ही सगळ्याच वहिनी म्हणतो, त्यांनी विचारलं, "पण तिने जिंकलंय काय?"

"बघालच तुम्ही!" मी फणकाऱ्याने म्हणाले आणि तिथेच फसले.

कारण आता जिंकलेलं काहीतरी दाखवणं आलं. रात्री लॅपटॉप उघडला. क्लबाच्या पाटीवर तिचं नाव तीन शब्दांत होतं. आता आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून ठरलेलं आहे, आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. परिचयात वडिलांचं नाव कशाला हवं, म्हणून मी मधलं नाव गाळलं आणि पहिलं-शेवटचं टाकून शोधलं. काय सांगू! चषकच चषक! फोटो बारीकसा, केस तसेच मागे बांधलेले. देश कुठला ते बघायचंही सुचलं नाही. उलट माझा ऊर भरून आला. एवढं जिंकून बाई एका शब्दाने बोलली नाही! थोर माणसं अशीच असतात, असं मी यांना चांगलं अर्धा तास ऐकवलं.

शुक्रवारी संध्याकाळी हॉटेलचा हॉल पैठण्यांनी भरला. बाई पांढऱ्या कुडत्यात, केसांत आम्ही माळलेला गजरा, कपाळाला आणि हातांना हळदीकुंकू. मी माइक घेतला. पाहुणीला कळावं म्हणून इंग्रजीतून, आणि अधूनमधून वहिनींकडे बघत, तिचं पहिलं-शेवटचं नाव घेऊन एकेक चषक वाचला. टाळ्यांवर टाळ्या. वहिनींनी शाल घातली, हातात नारळ दिला. बाईने नारळ काखोटीला मारला आणि माइक मागितला.

"थँक यू," ती म्हणाली. "पण हे सगळं मी जिंकलेलं नाही. ती दुसरी आहे. मी तिच्याशी एकदाच खेळले. तिने मला जेमतेम दोन गेम जिंकू दिले."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मला वहिनींचं काही वाटलं नाही. आयुष्यात एकदाच तिला शाल मिळाली आणि तीही मी दुसरीच्या नावाने दिली! मग कुठून जोर आला देव जाणे. मी कागद चुरगाळला आणि तिच्या हातातून माइक घेतला.

"परिचय चुकला. आता खरा ऐका." आणि मी सांगितलं. मोजे, बेसिन, ऑम्लेटचा डबा, पंधरा वर्षं, शेवटचे अकरा प्रेक्षक. "वहिनी, तुम्ही विचारलंत ना, जिंकलंय काय? काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी उठून ही खेळायला जायची. आणि मला, या ढोल बाईला, हिने पळायला लावलंय!"

पहिली टाळी वहिनींचीच. मग सगळा हॉल उभा राहिला. बाईने डोळे पुसले, हातांवरचं हळदीकुंकू गालभर झालं, आणि ती ओरडली, "यल्ला, आता खायला!"

बटाटेवड्यांपाशी मी तिचा हात धरून माफी मागितली. मधलं नाव वडिलांचं म्हणून गाळलं, हेही सांगितलं.

ती खाता खाता थांबली. "बरोबर, ते वडिलांचंच. आमच्यात मधलं वडिलांचं आडनाव आणि शेवटचं आईचं. सगळ्या स्कोअरबोर्डवर पंधरा वर्षं वडिलांचं तेवढं लागायचं. आईचं कुणी घेतच नसे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज तू घेतलंस. माइकवरून."

माझ्या स्वतःच्या नावापुढे आधी वडील होते, मग नवरा आला. आई कुठल्याच कागदावर नाही.

तिने फोन काढून आईला व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या केसांची एक म्हातारी पडद्याला अगदी नाक लावून बसली होती. "पुन्हा म्हण," बाई मला म्हणाली, "तसंच, मोठ्याने." मी वड्याची बशी खाली ठेवली आणि तिचं पहिलं नाव नि आईचं आडनाव अगदी पंचाच्या थाटात पुकारलं. वहिनींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

म्हातारीने भुवया उंचावून काहीतरी विचारलं. बाई हसत सुटली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतेय, मग जिंकलीस का?"

"सांग त्यांना, जिंकलीस," मी म्हणाले, "सहा-शून्य, सहा-शून्य."