एस्तेरला काही सांगायचं होतं

फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरात गॅसवर दूध ठेवून उभी होते. फोन नांदेडहून होता, एस्तेरच्या मुलाचा, सुनीलचा. इतक्या सकाळी तो कधी फोन करत नाही. "मावशी, आई गेली..." एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. मागे कुणीतरी हमसून हमसून रडत होतं. ती कविता होती, त्याची बायको. इकडे दूध उतू गेलं, शेगडीवर पसरलं, गॅस विझला, तरी मी तशीच उभी.

एस्तेर साळवे आणि मी लातूरच्या एका मुलींच्या शाळेत जवळजवळ सगळी नोकरी एकत्र केली. ती मराठी शिकवायची, मी भूगोल. आमचं घर लिंगायत, आडत दुकानदारांचं. तिचे वडील चर्चमध्ये पाळक. मधल्या सुट्टीत आमचे डबे एका टेबलावर उघडले गेले ते कायमचेच. माझ्या शेंगाच्या चटणीसाठी ती सकाळपासून घड्याळाकडे बघायची आणि डिसेंबर लागला की मी तिच्या नाताळच्या कार्डांकडे डोळे लावून बसायचे.

ती कार्डं काही विशेष नसायची. स्टेशनरीच्या दुकानात मिळायची तीच... घंटा, तारा, मेणबत्ती आणि आत छापलेलं इंग्रजी कडवं. एस्तेर त्या कडव्यावर पांढरा कागद मापात कापून खळीनं चिकटवायची. "छापलेलं कुणाचंही असतं गं शैले," ती म्हणायची, "ज्याला पाठवायचं त्याचं काय त्यात?" मग कागद वाळला की त्यावर निळ्या शाईनं लिहायची. दोन ओळी, फार तर तीन. पण त्या ओळी दुसऱ्या कुणालाही चालल्या नसत्या. दहावीत नापास झालेल्या औशाच्या एका मुलीला तिनं लिहिलं होतं, "तू नापास झालीस ते मला माहीत आहे. सगळ्यांसमोर रडली नाहीस तेही माहीत आहे. सुट्टीत पुस्तकं घेऊन माझ्याकडे ये." आमच्या मुख्याध्यापकबाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी शाल, नारळ, भाषणं दिली. एस्तेरनं नाताळच्या कार्डात लिहिलं, "तुमची पावलं वाजली असं वाटून मुली अजून दचकतात. मीही दचकते." त्या बाई ते कार्ड वाचून खूप हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझे यजमान गेले त्या वर्षी घरी माणसांची रीघ होती. जो तो ईश्वरेच्छा म्हणत होता. डिसेंबरात एस्तेरचं कार्ड आलं. "तू अजून वरणाला फोडणी देत नाहीस, तसंच खातेस, हे मला कळलंय. रविवारी मी जेवायला येते आहे. फोडणी दे." आणि आली खरोखर. मी कढईत मोहरी आणि लसूण टाकला, मोहरी तडतडली आणि मी ओट्याला धरून जी रडले... एस्तेर दारात उभी होती. समजूत घालायला ती आत आली नाही. माझं रडणं संपल्यावर म्हणाली, "लसूण करपला बघ."

निवृत्तीनंतर ती सुनीलकडे नांदेडला गेली, विष्णुपुरीच्या बाजूला. सुनीलचं लग्न झालं तेव्हा कविता घरात आली. कविता शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यातली, कामाला वाघीण, मनानं सरळ. पण एस्तेर मराठीची बाई. सून "लई" म्हणाली की ही "खूप" म्हणायची. सून "न्हाई" म्हणाली की ही भुवई उचलायची. भांडण कधी झालं नाही, पण कविता तिच्यासमोर हळूहळू बोलेनाशी झाली. मी एकदा एस्तेरला म्हटलं, "सगळ्या जगाला कार्ड लिहितेस, सुनेला का नाही?" तर म्हणाली, "घरातल्या माणसाला कसलं कार्ड? रोज समोर असते ती."

गेल्या वर्षी दिवाळी संपली आणि एस्तेरला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिला समजत सगळं होतं. माणसं ओळखत होती, पेपरातला मथळा बोट ठेवून दाखवत होती, फक्त शब्द येत नव्हते. एकच शब्द शिल्लक राहिला होता, तो म्हणजे "चहा". पाणी हवं असलं तरी चहा, पाठ दुखली तरी चहा, सुनील कुठे आहे विचारायचं असलं तरी चहा. कविता पहिले काही दिवस खरंच चहा करून आणायची आणि एस्तेर भिंतीकडे तोंड फिरवायची. जिनं आयुष्यभर प्रत्येकाला त्याचा त्याचा शब्द शोधून दिला, तिच्या तोंडात हा एक शब्द अडकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल वाचा, वाट बघा. आम्ही वाट बघितली.

डिसेंबरात मी नांदेडला जाऊन राहिले. कवितानंच बोलावलं होतं. म्हणाली, "मावशी, नाताळ आलाय. मी दुकानातनं कार्डं आणल्यात. तुम्ही लिहा, आई नुसतं मान हलवतील. लई घुसमट व्हायलीय त्यांची."

मी पलंगाशी बसले. उशा लावून एस्तेरला बसतं केलं. कागद चिकटवले, शाईचा पेन घेतला. पहिल्या कार्डावर मला सुचेल ते लिहिलं, "नाताळच्या आणि नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा", आणि वाचून दाखवलं. तिनं डाव्या हातानं ते कार्ड पलंगाखाली उडवलं. मी दुसरं घेतलं. तेही उडवलं. मग एक कोरं कार्ड तिनं स्वतः ओढलं, हनुवटीखाली दाबून धरलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं हात करून म्हणाली, "चहा... चहा."

मी नावं घ्यायला लागले. मुख्याध्यापकबाई? नाही. हैदराबादची बहीण? नाही. पाळक? सुनील? ती मान हलवून हलवून दमली, घामेजली. कविताला वाटलं खरंच चहा हवाय. ती कप घेऊन आली, तो एस्तेरनं असा ढकलला की चहा सगळा ब्लँकेटवर. कविता पुसायला वाकली आणि एस्तेरनं तिचं मनगट पकडलं. दुसरा हात हलत नव्हता, म्हणून हनुवटीनं कार्ड तिच्याकडे ढकललं.

"मला?" कविता म्हणाली. "मला कार्ड?"

एस्तेरनं जोरानं होकाराची मान डोलावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तो सगळा दिवस आम्ही तिघी त्या एका कार्डाशी झुंजलो. मी वाक्यं सुचवत होते, ती ऐकत होती. "कविता, तू माझं खूप केलंस." नाही. "तू माझी सून नाहीस, लेक आहेस." तिनं माझ्याकडे असं रागानं पाहिलं की मीच ओशाळले. असलं वाक्य तिनं कधीच लिहिलं नसतं. "माझं चुकलं, मला माफ कर." इथं ती थांबली. विचार केला. मग सावकाश मान हलवली... नाही, तेही नाही. काहीतरी वेगळं होतं, नेमकं होतं, कविताचंच होतं. ते तिच्या आत पूर्ण तयार होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं आणि तिथून बाहेर यायला वाट नव्हती. मी तिच्या डाव्या हातात पेन दिला. कागदावर नुसत्या रेघा उमटल्या. त्या रेघांकडे तिनं पाहिलं आणि पेन सोडून दिला.

कविताला ते बघवेना. तिनं एस्तेरचं डोकं पोटाशी धरलं. "राहू द्या आई. मला कळलं. मला समदं कळलं."

त्यावर एस्तेर शांत होईल असं मला वाटलं होतं. ती तर चवताळली. "चहा! चहा! चहा!" असं ओरडत कविताच्या पोटावर मुठीनं मारायला लागली. कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं आणि कळल्याचं नाटक तिला नको होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चर्चमधली मंडळी ढोलकी-पेटी घेऊन दारात आली. घरोघर जन्मोत्सवाची गाणी म्हणत ती फिरतात. त्यांनी गाणं सुरू केलं आणि एस्तेर गायला लागली. शब्द न् शब्द स्पष्ट, जोडाक्षरांसकट. आम्ही थिजलो. पेटीवाल्याचे हात थांबले, तरी ती कडवं पूर्ण करून थांबली. कुणी हात जोडले, कुणी देवाचे आभार मानले. वाचा-उपचाराला येणाऱ्या मुलीनं मागं सांगितलं होतं की बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं कधी कधी राहतं. ते कविताच्या ध्यानात होतं. ती धावत पलंगाशी गेली, गुडघ्यांवर बसली.

"आई, याच चालीत म्हणा. मला जे सांगायचं ते याच चालीत म्हणा. कविता... म्हणून सुरू करा. म्हणा की."

एस्तेरनं डोळे मिटले. चाल धरली. ओठ कविताच्या 'क'साठी उघडले आणि बाहेर आलं ते गाण्याचंच पहिलं अक्षर. पुन्हा धरली. पुन्हा गाण्याचेच शब्द. ते शब्द तिला खेचून नेत होते, ती त्यांच्यामागे फरफटत जात होती, मध्येच तोडून थांबत होती, पुन्हा सुरू करत होती. शेवटी सूरही फाटला. ढोलकीवाली मंडळी खाली मान घालून बाहेर पडली. कविता अजून म्हणत होती, "म्हणा आई, येईल, म्हणा..." मीच तिला उठवलं.

नाताळ झाल्यावर मी लातूरला परतले. जायच्या वेळी एस्तेरनं माझा हात सोडला नाही. "पुढल्या महिन्यात येते," मी म्हटलं. पुढला महिना लागायच्या आतच सुनीलचा तो फोन आला.

मातीला मी गेले. प्रार्थना झाली, फुलं टाकली. येणारा प्रत्येक जण कविताला सांगत होता, तुझ्यावर फार जीव होता हो त्यांचा, तुला आशीर्वादच द्यायचा असेल. ती ऐकून घ्यायची. सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, "मावशी, तुम्ही त्यांना समद्यात जवळच्या. काय म्हणायचं असंल त्यांना?"

मला सहज काहीतरी सांगता आलं असतं. तिच्या तोंडाकडे बघून तर सांगावंसंही वाटलं. पण मला खरंच माहीत नाही. आजही नाही. "नाही गं माहीत," मी म्हटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बरं झालं. तुम्हीपण असंच कायबाय सांगितलं असतं तर मी कुणाकडं बघावं?"

परवा पुन्हा नांदेडला गेले होते. टपालानं एक कार्ड आलं होतं, उदगीरच्या एका बाईंचं. कधीकाळी एस्तेरच्या शेजारी राहत होत्या त्या. लिहिलं होतं, "यंदा तुमचं कार्ड आलं नाही. बऱ्या आहात ना?" कविता उत्तर लिहायला बसली. तिनं कधी कुणाला असं लिहिलेलं नाही. पेन दातात धरून बसून राहिली, मग लिहायला लागली. मी शेजारी भाजी निवडत होते. "आई गेल्या," तिनं लिहिलं. "आजारी होत्या." त्यापुढं लिहिलं, "शेवटी शांतपणे गेल्या." तिथं हात थांबला. ती वाचत राहिली. मग तिनं ती ओळ खोडली, इतकी की कागद फाटायला आला.

"न्हाई गेल्या मावशी त्या शांत," ती म्हणाली. "शेवटपर्यंत काहीतरी सांगायलाच बघत होत्या."

आणि तिनं तेच लिहिलं.