निळं पडलं की मार

कारंज्याच्या बाजारातल्या खाटकाकडून मी दर आठवड्याला बोकडाची हृदयं आणायचे. दुकानात बायका फारशा नसत आणि चारचौघांत तोंड उघडायची मला लाज. "ताई, नुसतं दिलच? कलेजी नाई पायजे काय?" खाटीक मुद्दाम मोठ्यानं विचारायचा आणि थांबलेले लोक हसायचे. मी खाली बघून, अजून कोमट असलेली पिशवी घेऊन निघायचे.

कॉलेज झाल्यावर मला एका संशोधन प्रकल्पात मदतनिसाचं काम मिळालं होतं. हृदयात जन्मतःच दोष असलेली मुलं आमच्या भागात कोणत्या घरांत आहेत आणि पुढे त्यांचं काय होतं, ते शोधायचं होतं. डॉक्टर मॅडम गावोगाव जाऊन मुलांच्या छातीवर यंत्र टेकवत आणि हृदय पडद्यावर बघत. माझं काम त्यानंतरचं. बोकडाचं हृदय घरच्यांसमोर उभं चिरायचं, आतले चार कप्पे उघडून दाखवायचे आणि त्यांच्या लेकराच्या हृदयात नेमकं कुठं काय बिघडलंय ते सांगायचं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे सगळी नावं मला इंग्रजीतच पाठ होती. गावात ती कुणाच्या कामाची नव्हती. मी भिंत म्हणायला लागले, दार म्हणायला लागले, वाट म्हणायला लागले. बोलण्यापेक्षा चिरणं मला सोपं जात होतं.

धनजकडच्या एका गावात नऊ महिन्यांचा एक मुलगा सापडला. ओठ जांभळासारखे, नखंही तशीच. दोन खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं भोक, आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट चिंचोळी. तो रडला की ती वाट आणखी आवळायची, काळं रक्त भोकातून पलीकडे जाऊन अंगभर फिरायचं आणि पोरगं निळं पडायचं. नागपूरला ऑपरेशन फुकट होणार होतं, तारीखही मिळाली होती. घरचे मात्र पाठवायला तयार नव्हते, म्हणून मॅडमनी मला पाठवलं.

त्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा मुलाची आई त्याला रडूच देत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. तो जरा कुरकुरला की ती बोट, पदर, गुळाचा खडा, जे हाती येईल ते त्याच्या तोंडात द्यायची. तिचा डावा कान सुजला होता. सासू आत गेल्यावर मी हळूच विचारलं. ती मुलाकडे बघत म्हणाली, "हा निळा पडला का मले मार बसते, ताई. मंग मार पाहून हा अजून रडते."

कारण असं की ती गरोदर असताना ग्रहण लागलं होतं. ग्रहणात पोटुशी बाईनं काही कापायचं नसतं, सुरी-विळीला हात लावायचा नसतो, एका जागी बसून राहायचं असतं. हिनं भूक लागली म्हणून विळीवर वांगं चिरलं. सासूनं पाहिलं. मुलाच्या हृदयाला भोक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्या घराला डॉक्टरांचं म्हणणं ताबडतोब पटलं. भोक कुणी पाडलं हे त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि ग्रहणानं पडलेलं भोक डॉक्टरच्या सुईनं बुजत नाही, असं ते म्हणत.

ही सासू तिची सख्खी आत्याही होती. भावाची मुलगी तिनं हट्टानं आपल्या मुलाला करून घेतली होती. ती तिला सून म्हणूनही शिव्या द्यायची आणि भाची म्हणूनही.

मी दुसऱ्यांदा गेले ती डब्यात हृदय घेऊन. आत्याबाईंनी डबा घरात येऊ दिला नाही. "थे मटण तिकडं गोठ्यापाशी ने, बाई. माह्या चुलीपाशी नाई पायजे." मग अंगणाच्या कडेला, गोठ्यासमोर फळी टाकून मी बसले. सुनेचा नवरा सोयाबीनच्या वावरातून आला होता. हात बांधून उभा राहिला. आत्याबाई हातातली चुलीची फुंकणी घेऊनच आल्या. सून मुलाला मांडीवर घेऊन लांब बसली.

मी हृदय चिरलं. मधली भिंत बोटानं दाबून दाखवली. आदल्या रात्री मी एक वाक्य पाठ केलं होतं आणि ते सांगताना मला आतून आनंद झाला होता. ही भिंत पोटात पहिल्या दोन महिन्यांतच पूर्ण होते, असं मी म्हणाले. ग्रहण लागलं तेव्हा वहिनींना पाचवा महिना होता. भोक तेव्हा कधीचं पडून गेलेलं होतं. वांग्याचा काही संबंध नाही.

सुनेनं मान वर केली. मला वाटलं, झालं.

"मंजे ग्रहणानं नाई झालं," नवरा म्हणाला.

"नाही."

"मंग रक्तातूनच आणलं इनं. माहेरून."

असं आमच्याकडे कोणी नक्की सांगू शकत नाही, बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, हे मी बोलायला लागले तोवर त्यानं तिचा अंबाडा धरला होता. तिला बसल्या जागेवरून ओढलं. मूल मांडीवरून घसरून मातीत पडलं. त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली, मग तोंडावर उलट्या हातानं. आवाज ओलं कापड आपटल्यासारखा आला. "वर्सभर मी वांग्याची कायनी आयकून राह्यलो! सडकं रक्त आणलं माह्या घरात!" मार एरवीचाच होता. त्याला नवं कारण मी पुरवलं होतं. तो तिला मारत होता आणि मी रक्तानं बरबटलेली सुरी हातात धरून उभी होते. ती सुरी त्याच्यात खुपसावी असं मला वाटलं. कुठं खुपसली तर कुठल्या कप्प्यात जाईल, हेही मला माहीत होतं.

मूल एकदा किंचाळलं आणि मग त्याचा आवाजच बंद झाला. ओठ काळे, डोळे वर. सुरी टाकून मी त्याला उचललं, त्याचे दोन्ही गुडघे दुमडून त्याच्या छातीशी घट्ट दाबले. पायांकडची वाट अशी चेपली की रक्त फुप्फुसांकडे वळतं. मॅडमनी हे आईला आणि मला शिकवलं होतं. घरात बाकी कोणाला माहीत नव्हतं. आत्याबाईंना एवढंच दिसलं, की परकी पोरगी त्यांच्या नातवाची घडी घालून त्याला चेपतेय.

फुंकणी माझ्या पाठीवर बसली. लोखंडी होती. "मारून टाकते वो हे पोराले! सोड! सोड म्हणते न!" दुसरी खांद्यावर बसली, तिसरी मानेजवळ. मी पोराला पोटाखाली घेऊन ओणवी झाले आणि दाबत राहिले. माझ्या तोंडून कसलाही आवाज निघाला नाही. एवढं मला आठवतं, कारण ओरडायला हवं हे मला सुचत होतं आणि कोणत्या भाषेत ओरडू ते कळत नव्हतं.

"आत्या! मारू नका तिले!" सुनेच्या तोंडातून रक्त येत होतं. "असंच करा लागते! डॉक्टरीणबाईनंच दाखवलं! पाहा त्याच्याकडं!"

फुंकणी थांबली. माझ्या पोटाखाली तो छोटा जीव ताणला गेला, एक लांब श्वास आत गेला, आणि मग तो रडायला लागला. ओठांचा काळा रंग हळूहळू जांभळ्यावर आला. आत्याबाई खाली बसल्या. त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "आला वो, आला माहा राजा."

तिथं सगळं थांबलं असतं. पण नवऱ्याचं संपलं नव्हतं. तो आता स्वतःच्या आईवर ओरडला, "तुह्याच भावाची पोरगी न थे? तूच आणली. तुह्या बापाचं खानदानच सडकं, म्हून पोट्टं असं निपजलं!"

आत्याबाई उठल्या. आजवर सुनेला बसणारा मार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, हातभारही लावला होता. बापाचं नाव निघालं आणि त्यांनी फुंकणी आपल्याच लेकाच्या गुडघ्यावर घातली. तो वाकला तशी पाठीवर. "माह्या बापाले नाव ठेवतं? त्याच्याच घरचं दूध पेऊन वाढला न रे, भडव्या!" त्यानं त्यांना ढकललं. त्या फळीवर पडल्या, कपाळ फुटलं, चिरलेलं हृदय मातीत गेलं. कुत्र्यानं ते उचललं. कपाळावरून रक्त ओघळत असताना त्या सुनेला म्हणाल्या, "उठ वो. फडकी घे पोराची. कसं होत नाई ऑपरेशन, पाहतेच मी."

त्याच दुपारी आम्ही प्रकल्पाच्या जीपनं नागपूरला निघालो. आत्याबाईंच्या कपाळाला हळद, सुनेचा ओठ फाटलेला, मला मान वळवता येत नव्हती. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं. ऑपरेशनला रक्त लागलं ते माहेरच्या पुरुषांनी दिलं. आत्याबाईंनी त्यांना फोनवर बोलावलं तेव्हा "या" म्हटलं नव्हतं, "येता का येऊ मीच?" म्हटलं होतं.

मुलगा वाचला. दवाखान्यातून आई त्याला घेऊन माहेरी गेली आणि तिथंच राहिली. महिने गेले. तपासणीसाठी मॅडम आणि मी तिच्या माहेरी गेलो. पडद्यावर भोकाच्या जागी शिवलेली ठिगळाची रेघ स्वच्छ दिसत होती, आजूबाजूनं रक्त गळत नव्हतं. मुलगा यंत्राची वायर ओढत होता, त्याची नखं गुलाबी होती. मॅडम हात धुवायला मागे गेल्या.

आई दाराकडे बघत होती. बाहेर फटफटी उभी होती आणि तिच्यावर नवरा बसला होता. तो तिला न्यायला आला होता. तिच्या भावानं त्याला पाणीही दिलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "हे ठिगळ, याले मार लागला त टिकते काय?"

"त्याला कोण मारणार? वहिनी, तुम्ही जाऊ नका," मी म्हणाले. एवढं सरळ मी कुणाला कधी बोलले नव्हते.

"आत्या हाय तिथं. आन् भाऊ किती दिस ठेवन? थे मले समजते, ताई. तुमी फक्त टिकते का नाई सांगा."

मॅडमकडून ऐकलेलं, वाचलेलं सगळं मी आठवलं. काही महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर त्यावर वाढतं आणि ठिगळ भिंतीचाच भाग होऊन जातं.

"टिकतं," मी म्हणाले.

तिनं मुलाला टोपडं घातलं, कडेवर घेतलं आणि बाहेर गेली.