अभयदादांच्या स्प्रिंग लीगचा पहिला सामना

अभयदादांना मी माफ केलेलं नाही.

ते गेले त्याला आज वर्ष झालं. सकाळपासून त्यांचे फोटो फिरताहेत, खाली हात जोडलेले इमोजी. 'व्हिजनरी' हा शब्द मी आतापर्यंत सहा वेळा वाचला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अभयदादा अठरा वर्षं टेक्सासमध्ये राहून नगरला परत आले आणि त्यांनी इथे अमेरिकन फुटबॉलची प्रोफेशनल लीग काढली. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, अंडाकृती बॉल. खेळाडू कबड्डी आणि कुस्तीतून आलेले.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. मैदानावरची घड्याळं, हेडसेट, हॉर्न आणि हवामानाचं मीटर माझ्याकडे होतं.

नाव स्प्रिंग लीग. तिकडचा मोठा सीझन फेब्रुवारीत संपतो, मग नव्या लीग स्प्रिंगमध्ये, म्हणजे तिकडच्या थंड वसंतात, खेळवतात. दादांनी ते कॅलेंडर जसंच्या तसं उचलून आणलं.

एप्रिल. पारनेरजवळचं मुरमाचं मैदान.

पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हणाले, नोव्हेंबर ते जानेवारी खेळवू.

"मॅडम, तुम्ही शेवगावच्या ना? ऊन तुम्हाला नवीन आहे का?" दादा म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. नोकरीचा दुसरा आठवडा होता.

आमच्याशी बोलताना दादा 'आहे' म्हणायचे, खेळाडूंशी बोलताना 'हाय'. पोरांना वाटायचं, हा आपला माणूस.

मीटर ऊन, वारा आणि दमटपणा धरून एकच आकडा देतं. तो लाल पट्ट्यात गेला की हेल्मेट-पॅड घालून खेळायचं नाही. हा नियम मी लिहिला. दादांनी त्यावर सही केली. म्हणून उद्घाटनाचा सामना सकाळी साडेसहाला ठरला.

मग प्रमुख पाहुण्यांचा निरोप आला की ते चारला येतील.

सामना चारला गेला.

तीन चाळीसला मीटर लाल होतं. मी वहीत नोंद केली आणि वही घेऊन मंडपात गेले. दादा पाहुण्यांसाठी खुर्च्या लावून घेत होते. त्यांनी आकडा पाहिला. वाचता येत नाही असं नव्हतं, ते स्वतः इंजिनिअर होते.

"दोन क्वार्टर होऊ द्या, अर्धाच सामना. मग पोरांना सावलीत घेऊ."

पहिल्या क्वार्टरमध्ये काही झालं नाही. दुसऱ्याच्या मध्यावर कोल्हारचा गणेश आपल्याच टीमकडे तोंड करून उभा राहिला. प्रेक्षकांना गंमत वाटली, कोणीतरी शिट्टी मारली. मी धावत गेले. त्याचं अंग तापलेलं होतं आणि बोलणं बरळल्यासारखं. मग तो कोसळला.

उन्हाने कोणी कोसळलं तर, म्हणून बर्फाच्या पाण्याचा टब मी लेखी मागितला होता. टब आला होता. त्यात पाहुण्यांची कोल्ड्रिंक्स होती. आम्ही बाटल्या मातीत फेकल्या आणि पोरांनी गणेशला उचलून टबात ठेवलं.

एक गोष्ट दादांच्या बाजूची आहे. खरी आहे, म्हणून लिहिते. ते पाहुण्यांकडे गेले नाहीत. नगरपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गणेशचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ओला टॉवेल त्यांच्याच हातात होता.

गणेश वाचला. किडन्यांना मार बसला. खेळणं बंद.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, खेळाडूने बाहेरून काहीतरी उत्तेजक घेतलं असावं.

हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये तसं काहीही नव्हतं. मी रिपोर्टची कॉपी घेऊन त्यांच्या ऑफिसमध्ये गेले. त्यांनी ती वाचून परत दिली.

"मलाही माहितीये त्यानं काही घेतलं नव्हतं. पण आत्ता बोललो तर लीग संपली. चाळीस पोरं आहेत, त्यांचं काय? सीझन होऊ दे, मी स्वतः खुलासा करतो."

मी थांबले. तोवर पारनेरपासून कोल्हारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं की गणेश इंजेक्शनं घ्यायचा.

सीझन अर्ध्यात बंद पडला. नंतर दादांना पुण्यात हार्ट अटॅक आला. खुलासा झालाच नाही.

आज लीग पुन्हा सुरू करत असल्याचं जाहीर झालंय. दादांच्या नावाने. परत स्प्रिंगमध्येच. माहितीपत्रकात एक ओळ आहे: 'पहिल्या पर्वात एका खेळाडूच्या वैयक्तिक कारणामुळे खंड पडला.'

दुपारी गणेशचा फोन आला. त्याने एका शाळेत कबड्डी शिकवण्यासाठी अर्ज केला होता. इंजेक्शनवाला माणूस मुलांसमोर नको, असं कमिटीतलं कोणीतरी म्हणालं. सोमवारी पुन्हा बैठक आहे.

तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, दादा तर गेले. आता तुमालाच म्हाईत हाय ना?"

हो. मलाच माहीत आहे.

म्हणून खाली तीन फोटो देते आहे. सही असलेला नियम. तीन चाळीसची नोंद. रिपोर्ट, गणेशच्या परवानगीने. शाळेच्या कमिटीतलं कोणी हे वाचत असेल तर मूळ वही घेऊन मी सोमवारी येईन.

आणखी एक. मीटर लाल असताना दुसरा क्वार्टर सुरू करणारा हॉर्न मी वाजवला. दादांनी मानेने हो म्हटलं, पण बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. दादांवर लिहिताना हे वगळलं तर मी त्यांच्यासारखीच.

गणेशने काहीही घेतलं नव्हतं.

अभयदादा, हे वाक्य तुम्ही बोलायचं होतं. तुम्ही गेल्यावरही मी वर्षभर गप्प राहिले, ती माझी चूक.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.