फोनला पाणी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पांढुर्ण्याजवळच्या एका लहान स्टेशनावर सहायक स्टेशनमास्तर होतो. वय सव्वीस आणि राग नाकाच्या शेंड्यावर. बायको बाळंतपणाला माहेरी, सौंसरला. ऐन वैशाखात मुलगी झाली आणि सासऱ्यांचं पत्र आलं: शुक्रवारी बारसं आहे, तुम्ही आल्याशिवाय आमची लेक पोरीचं नाव ठेवू देत नाही.

जायचं तर माझ्या जागी दुसरा माणूस हवा, आणि तो कंट्रोलनं द्यायचा. कंट्रोल म्हणजे नागपुरात बसून आमच्या सगळ्या स्टेशनांना हलवणारे साहेब. त्यांच्या फोनवर सगळी स्टेशनं एकाच तारेवर होती. एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. गुरुवारी सकाळी मी फोन उचलला, तर त्यांचा आवाज बारीक का होईना येत होता, माझा मात्र त्यांना पोचतच नव्हता. घसा बसेपर्यंत ओरडलो. गाड्या सोडण्यासाठी शेजारच्या स्टेशनाशी बोलायचं यंत्र वेगळं, ते ठीक होतं. त्यावरून शेजारच्या स्टेशनमास्तरांमार्फत निरोप धाडला. उत्तर मी माझ्याच कानांनी ऐकलं: "सुटी ज्याला पाहिजे त्यानं स्वतः बोलावं. तोंडाला कुलूप लागलं का?"

माझा नुसता तिळपापड झाला. सेल बदलले, रिसीव्हर उघडून पुसला, उन्हात खांबापर्यंत तार तपासत गेलो. दोनच्या आत मागितलं तरच माणूस मिळणार होता. साडेबाराला मी खुर्चीत बसलो आणि चक्क रडकुंडीला आलो.

रुळांचे सांधे बदलणारे आमचे पॉइंट्समन काका, निवृत्तीला टेकलेले, दारात उभे होते. "मास्तर, एक बादली टाकून पाहू का?"

बादलीवरून आमचं आधीच वाजलं होतं. भिंतीमागे एका दगडापाशी ते रोज बादलीभर पाणी ओतायचे. विहीर आटलेली, आणि यांची देवपूजा चालू! मी आठ दिवसांपूर्वी त्यांना झापलं होतं, "एवढीच भक्ती असेल तर जामसांवलीच्या मारुतीला जा." तेव्हापासून बादली बंद होती.

"टाका," मी म्हटलं, "नाहीतरी वाटोळं झालंच आहे."

दगड बाजूला सारल्यावर खाली फोनची तार जमिनीत गेलेली दिसली. ती जमीन ओली असली तरच फोन चालतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. चार बादल्या जिरल्या, आणि दीड वाजता साहेब म्हणाले, "बोला, बोला, ऐकतोय." माणूस मिळाला. तारेवरच्या सगळ्या स्टेशनांना बातमी कळली आणि कुणीतरी मुलीची जिलबी मागितली. मी इतका खूश होतो की सगळ्यांनाच हो म्हणालो.

संध्याकाळी पिशवी घेऊन निघताना मी विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं, तर मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं नं, मास्तर. बंद केलं तवाच सांगतलं, हे फोनचं पाणी हाय म्हणून. मंगळवारी बी सांगतलं. तुम्ही आयकूनच नाही राहिले."

मला खरंच त्यातला एक शब्द आठवत नव्हता. लाज वाटली. पिशवी खाली ठेवून मी त्यांच्या पाया पडलो.

"उठा आता," ते म्हणाले, "गाडी चुकन. पोरगी वाट पाहून राहिली."