काळी बी पटावर

मी घाबरली आहे.

चार वेळा टाइप करून खोडलं, इतकी.

आज रतनदादाला जाऊन वर्ष झालं. फोटो टाकून दोन ओळी लिहायच्या, एवढंच ठरवलं होतं. पण आज दोन ओळींत भागणार नाही.

रतनदादा म्हणजे माझ्या मोठेबाबांचा, थोरल्या काकांचा मुलगा. पॉलिटिकल सायन्समध्ये एमए, आणि लाखनीत हायवेवर झेरॉक्सचं दुकान.

गिऱ्हाईक ताटकळत उभं राही आणि हा बाबा त्याला राज्यघटना समजावून सांगे. धंदा काय डोंबलाचा होणार!

आम्ही शाळेत होतो तेव्हा त्यानं एक खेळ बनवला. साडीच्या खोक्याच्या झाकणावर पट आखला, मधोमध एक खुर्ची. आईच्या डब्यातली बटणं म्हणजे मतं. आणि सीताफळाच्या काळ्या बिया.

खेळाचं नाव कच्चं राज्य.

"लोकशाही आहे, पण कच्ची आहे. केव्हाही मोडते. तुम्ही सांभाळून दाखवा."

मधल्या खुर्चीसाठी आम्ही सगळे भांडायचो. मधेच कोणाच्या वाट्याला काळी बी यायची. काळी बी म्हणजे भीती. ती मुठीत लपवता येई, नाहीतर पटावर मांडता येई.

पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी बिया लपवल्या. वरून शहाणपणा केला. भांडण कायले, म्हणून आमच्यातल्याच पिंट्याला बिनविरोध खुर्ची देऊन टाकली.

टाळ्याही वाजवल्या! आमचं गाव कायम बिनविरोध. पाहुणे आले की आम्ही हेच मिरवतो. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दादानं पटच गुंडाळायला घेतला.

"हरले. सगळेच्या सगळे हरले."

पिंट्या रडकुंडीला आला. "काहून? मी तं खुर्चीवर हाओ ना!"

"मुठी उघडा," दादा म्हणाला.

सगळ्यांच्या मुठीत काळ्या बिया. पिंट्याच्याही.

"भेव सगळ्यायलेच होतं. पण जो तो समजला का आपल्यालेच हाय."

मग त्यानं नियम सांगितला. बी लपवली की तुमचं मत गेलं. बी मांडली, तर ज्याला पटेल त्यानं आपलं बटण तिच्या शेजारी आणून ठेवायचं. शेजारी बटणं जमली की बी उचलायची.

तेव्हा आम्हाला तो खेळ लय बोअर वाटला होता. खरंच.

आता आजचं सांगते.

मी आमच्या वॉर्डातून ग्रामपंचायतीचा अर्ज भरलाय. अर्ज मागे घ्यायची मुदत उद्या दुपारी संपते. गावानं ठरवलेला उमेदवार सोडून बाकी सगळ्यांनी मागे घेतले. त्याच्यासमोर उरली मी.

आज सकाळी दोघं घरी आले. एक अनोळखी. दुसरा पिंट्या.

हो, तोच.

चहा घेतला. धानाची चौकशी केली. मग अनोळखी माणूस हसत म्हणाला, "ताई, गावाची परंपरा काहून मोडून राहिल्या? तुमची पोरगी ट्यूशनहून एकटीच येते ना लाखनीवरून?"

बस, एवढंच म्हणाला.

 आमच्या ह्यांचा चेहरा पांढरा पडला. ते गेल्यावर ह्यांनी पोरीची ट्यूशन बंद केली आणि मला म्हणाले, "घेऊन टाक ना मागे. आपल्याले काय करायचं हाय?"

मी त्यांना दोष देत नाही. मलाही तेच वाटून राहिलं होतं.

पण पिंट्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पूर्ण वेळ मूठ आवळून बसला होता. अगदी तसाच, लहानपणी बसायचा तसा.

तेव्हा दादाची इतकी आठवण आली की मोरीत जाऊन रडले. मेल्या, आज तू हवा होतास रे! दुकान बंद करून माझ्या दारात खुर्ची टाकून बसला असतास.

तू नाहीस. म्हणून तुझ्या नियमानं वागते.

ही माझी काळी बी. सगळ्यांसमोर मांडली. मला भीती वाटते. पोरीसाठी लय भीती वाटते.

अर्ज मी मागे घेत नाही.

उद्या दुपारी मी घरीच आहे. ज्याला पटेल त्यानं चहाला यावं. मुदत संपेपर्यंत नुसतं बसलात तरी चालेल.

पिंट्या, तू हे वाचशीलच. तूही ये. मूठ उघडून ये.

दादा, पट तुझ्या फोटोसमोर मांडून ठेवलाय. भरल्या डोळ्यांनी तुला

जयभीम.