देवपुरातली खिळ्यांची थाळी

लग्नात वाजत असेल तर तिथेच राहू दे, नसेल तर घेऊन ये, असं आई म्हणाली आणि मी भुसावळहून निघालो.

थाळी माझ्या थोरल्या भावाची. दादा रेल्वेत फिटर होता. शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या क्लबात साहेबलोकांच्या नाचाला तो ड्रम वाजवायचा. साहेब मायदेशी गेले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने जाताना ही थाळी त्याला देऊन टाकली. काशाची, परातीएवढी, पण पापडासारखी पातळ. काठाजवळ भोकं आणि भोकांत सैल बसवलेले खिळे. काठीने मारलं की आधी नाद यायचा आणि मग खिळे थरथरत राहायचे. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी चुरचुर, बराच वेळ. दादा तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी तो छातीच्या दुखण्याने गेला. वहिनी माहेरी गेली. जाण्याआधी तिने थाळी धुळ्याच्या एका लग्नाच्या बँडला विकली. आईने तेव्हा काही विचारलं नाही. या उन्हाळ्यात विचारलं. दादाचं स्वतःचं लग्न बाबा गेले त्या वर्षाच्या आत उरकावं लागलं होतं, वाजंत्रीशिवाय. त्याची वस्तू कुणाच्या तरी वरातीत वाजते आहे, एवढं तिला कळायला हवं होतं.

सकाळच्या गाडीने अमळनेर गाठलं. खिडकीशी बसणाऱ्याने डावीकडची बाजू धरावी, ऊन उशिरा येतं. जळगाव सुटलं की केळीचा हिरवा रंग संपतो. पुढे नुसती काळी जमीन, भेगाळलेली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. मे महिन्यात हा मुलूख पाहू नये असं सगळे सांगतात, पण लग्नं मे महिन्यातच असतात.

समोर बसलेल्या एका आबांनी चौकशी केली.

"धुळ्याला काय काम?"

"एक थाळी बघायची आहे."

"थाळी? जळगावात भांडी मिळत नाहीत का?"

"वाजवायची थाळी."

"मग बरोबर. जेवायची असती तर मी तुम्हाला उतरवून दिलं असतं."

अमळनेरला स्टेशनाबाहेर पडताच तेलाच्या गिरणीचा वास येतो तो एसटी सुटेपर्यंत सोडत नाही. खानावळीत कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. ताक मागून घ्यावं, आपण होऊन देत नाहीत. जेवण आणि धुळ्याचं तिकीट मिळून खिशाला फार झळ बसत नाही. झळ बसते ती रस्त्याची. मागच्या बाकावर बसलो आणि धुळ्याला उतरलो तेव्हा माझा सदरा आणि रस्ता एकाच रंगाचे होते. रात्र धर्मशाळेत काढली. ढेकूण आहेत.

सकाळी पूल ओलांडून देवपुरात गेलो. पांझरेत पाणी नव्हतं. वाळूत डांगराच्या वेलांच्या ओळी होत्या आणि एक बाई डबक्यातून पाणी आणून घालत होती. बँडचं घर विचारावं लागलं नाही. अंगणात दोरीवर लाल कोट वाळत होते, बाह्या खाली लोंबत.

बँडमास्तर चाळिशीचे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी गूळ-पाणी दिलं. मग मी थाळीचं विचारलं.

"भाऊ, ती लग्नात नाही वाजत."

"का?"

"पहिल्याच लग्नात वाजवली. नवरदेव मांडवाच्या दारात. नवरीची आजी पुढे आली, म्हणाली, फुटकं भांडं वाजवता का माझ्या पोरीच्या तोंडावर? काशाला चीर गेली की असाच आवाज येतो ना. बिदागी राहिली बाजूला, आम्हाला जेवूही घातलं नाही. मग खिळ्यांना मेण लावून पाहिलं. मग ती थाळीच राहत नाही."

"मग कुठे वाजते?"

"पिकलं पान गळालं की. पणतवंडं बघून गेलेलं माणूस आपल्याकडे वाजतगाजत नेतात. तिथे चालते ही. लोक आधीपासून सांगून ठेवतात, आमच्या म्हाताऱ्याला तीच थाळी आणा."

आईची अट मला आठवली. मी म्हणालो, मग मी ती परत घेऊन जातो, काय असेल ते द्यायला तयार आहे.

मास्तरांनी ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे खाटेवर त्यांचे वडील होते, भिंतीकडे तोंड करून. झोपले असतील असं मी समजत होतो.

"नानांना विचारा," मास्तर म्हणाले. "त्यांनी स्वतःसाठी सांगून ठेवलीय."

नाना वळले. अंगावर काही उरलं नव्हतं, डोळे मात्र जागे.

"तू ज्यानी थाळी त्याना भाऊ शे?"

"हो, नाना."

"ली जाशी?"

मी मान डोलावली.

"जाय ली. पन आधी माले ऐकाड. मी बठ्ठासना मांगे ढोल वाजाडा. मनी पाळीले मी मरेल राहसू. मंग माले कोन ऐकाडी?" सगळ्यांच्या शेवटच्या वाटेवर आपण मागे ढोल वाजवला, आपल्या पाळीला मात्र आपणच मेलेले असणार, असं ते म्हणत होते.

स्वयंपाकघरातून सून बाहेर आली, हात पिठाचे. "जित्या माणसासमोर? घरात? नाना, काही तरी धरबंद ठेवा."

"मरेलसमोर वाजाडीसन काय फायदा व्हयना आजलोंग?" नाना म्हणाले. मास्तर हसले, मग हसायचे थांबले.

सून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मास्तरांनी थाळी आणली, सुतळीने धरली आणि काठी माझ्या हातात दिली. थाळीला मी तोवर कधी हात लावला नव्हता.

एकदाच मारली. नाद ओसरला आणि खिळे सुरू झाले. मला वाटलं होतं क्लब आठवेल, काठ्या, दादाचं हसणं. दादाचा शेवटचा आठवडा आठवला. रात्री त्याच्या छातीत असंच काहीतरी बारीक, सैल, थांबायला तयार नसलेलं वाजत होतं आणि आई उशाशी बसून ते ऐकत होती.

नाना डोळे मिटून होते. आवाज पूर्ण संपल्यावर म्हणाले, "बरं शे. एकटं नही वाटस."

थाळी मी खाटेखाली ठेवली. सुनेने दार उघडलं आणि मला जेवून जायला सांगितलं. जेवलो.

परतताना धुळ्याहून चाळीसगावची गाडी घेतली. फेरा पडतो, पण धूळ कमी.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझ्या हातात नुसती पिशवी पाहून ती थांबली.

"लग्नात वाजते?"

"हो."

"माणसं असतात पुष्कळ?"

"पुष्कळ. सगळं गाव असतं."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. त्यानंतर तिने थाळीचं नाव काढलेलं नाही. मीही काढत नाही. माझं अर्धं उत्तर खरं होतं, आणि मला तेवढं पुरत नाही.

देवपुराला कुणी जाणार असेल तर पूल पायी ओलांडावा आणि सकाळी जावं. लाल कोट दोरीवर दिसतील. थाळी ऐकायला मिळण्याची आशा धरू नये. ती ऐकू आली नाही, तर नाना अजून आहेत असं समजावं.