चांदणीच्या आधी यादी

आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले काका कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत, स्वतःच्याही नाही. घराला कुलूप लावून रुआबांध्याच्या चौकापर्यंत आलेला हा माणूस सायकल वळवून परत जाई आणि कुलूप ओढून बघे. आम्ही त्यांना ‘यादीकाका’ म्हणत असू, कारण काहीही पुसायचं किंवा फेकायचं म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: “यादी काढली का?”

हिंदी मुलखातल्या रसमड्याच्या आमच्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग ओतले जात. एकेका भागाचं ड्रॉइंग दहा-दहा वेळा बदले. नव्वदीच्या सुरुवातीला कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत ड्रॉइंगच्या सगळ्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपून ठेवणारं सॉफ्टवेअर. आवृत्ती ओळखायची ती तिला लावलेल्या नावावरून. त्या नावांना काका ‘चिठ्ठी’ म्हणत, आणि चिठ्ठ्यांची पद्धतही त्यांनीच घातलेली. तपासणीला काढलेली आवृत्ती ‘ट्रायल-४७’. गिऱ्हाइकाने मान्य केली की ‘ट्रायल-४७-पास’. पास झाल्यावरही ट्रायल कशाला म्हणायचं, असं मी विचारलं तर म्हणाले, “पास झालेल्यानं परीक्षा विसरू नाही, बाई.”

मी जवळच्याच पद्मनाभपुरातली, नुकताच डिप्लोमा झालेली, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. चांदणी मला काकांनीच शिकवली. नावाचा सुरुवातीचा तुकडा लिहायचा आणि पुढे कीबोर्डवरची ती चांदणीची खूण (*) लावायची, की त्या तुकड्याने सुरू होणारी सगळी नावं एका फटक्यात हाती येतात. “चांदणीचं पोट लय मोठं हाय,” काका बजावत. “तिच्यात काय काय गेलं ते पहिले पाह्य. मग पुसायचा हुकूम दे.” पाच चिठ्ठ्या पुसायच्या असल्या तरी ते यादी काढत आणि चष्मा कपाळावर चढवून बोटाने मोजत बसत. मला त्यांचा राग येई. असलं रटाळ म्हातारपण आपल्याला नको, असं मी घरी बोलूनही दाखवलं होतं.

एकदा काका पुतणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेले. त्याच दिवशी छोटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “ये ट्रायल-व्रायल का कचरा साफ करो. कल पार्टी देखने आ रही है.” पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. मी ‘ट्रायल’ लिहिलं, पुढे चांदणी लावली आणि हुकूम देऊन मोकळी झाले. यादी काढली नाही. साहेब घड्याळ बघत होते आणि मला हुशार दिसायचं होतं. “बस, हो गया?” म्हणत ते खुशीत गेले. पास झालेल्यांची नावंसुद्धा ‘ट्रायल’नेच सुरू होतात, हे मला दुपारी डबा उघडताना आठवलं. डबा तसाच ठेवून मी कॉम्प्युटरकडे धावले.

ड्रॉइंगं सगळी आत होती, पण बिनचिठ्ठीची. कोणती मान्य झालेली आणि कोणती नापास, हे कळायला मार्ग नव्हता. कॉम्प्युटर आल्यावर कागदी रजिस्टर छोट्या साहेबांनीच बंद केलं होतं. चिठ्ठ्या गेल्याचं कळलं तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी काय केलं? प्रत्येक भागाची शेवटची आवृत्ती तीच पास, असं धरून त्याच दिवशी अंदाजाने चिठ्ठ्या परत लावल्या. एक चुकली. पंधरवड्यात चुकीच्या मापाचा अख्खा लॉट ओतला गेला आणि गिऱ्हाइकाने तो ट्रक भरून परत पाठवला.

केबिनमध्ये आम्हा दोघांना बोलावलं. “पास की चिट्ठी कौन लगाता है?” छोट्या साहेबांनी विचारलं.

“मैं लगाता हूँ,” काका म्हणाले. ते खरंच होतं. मग ते टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले, एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टेबलाकडे. मी माझ्या चपलांकडे बघत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या त्या माणसाला ‘कल से मत आइए’ असं सांगायला साहेबांना एक मिनिटही लागलं नाही.

मी त्यांच्या घरी गेले ती तीन महिन्यांनी, पक्क्या नोकरीचं पत्र हातात पडल्यावर. आधी नाही. याची लाज मला आजही वाटते आणि वाटलीच पाहिजे. काका ओसरीत बसले होते. मी सगळं सांगितलं, अगदी चांदणीपासून.

“मले माहीत हाय,” ते म्हणाले. “लॉट वापस आला तेव्हा पाह्यलं, साऱ्या चिठ्ठ्यांवर एकच तारीख होती. मी भंडाऱ्याले होतो तो दिवस.”

“मग साहेबासमोर तुम्ही बोलले कावून नाही, काका?”

“तू बोलशीन म्हणून थांबलो होतो.”

आतून काकू चहाचे कप घेऊन आल्या. काकांनी हात करून त्यांना दारातच थांबवलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “ती निघून राहिली.”